फॉस्टर घरातलं पहिलं शालेय वर्ष: गुण नेमके कुठे गळतात

मूल फॉस्टर घरात राहायला आलं की पहिल्या परीक्षेत त्याचे गुण बहुधा घसरतात. संस्थेत, म्हणजे बालगृहात, साठ टक्के मिळवणारं मूल चाळिशीवर येतं आणि मग घरचे, शाळेतले, बाल कल्याण समितीसमोर बसलेले, सगळे कारण मुलाच्या मनात शोधू लागतात. मनाचा भाग आहेच. पण इंदूरच्या मराठी घरांमध्ये फॉस्टर पालक म्हणून, आणि त्यांच्या सोबतीनं कचेऱ्यांत चकरा मारणारे म्हणून, आम्ही हे वर्ष वेगवेगळ्या मुलांबरोबर काढलं तेव्हा दिसलं की गुणांचा मोठा वाटा दोन शाळांच्या मधल्या फटीत पडतो. न आलेला टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), बदललेलं माध्यम, सुनावणीपायी बुडालेले दिवस, तिसरीत राहून गेलेली हातच्याची वजाबाकी. यातलं बहुतेक सगळं आधी कळलं तर सांभाळता येतं.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. किशोर न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ खाली बाल कल्याण समितीच्या लेखी आदेशानं मूल ठरावीक काळासाठी घरी येतं. त्याचं आडनाव बदलत नाही, आई-वडिलांची नावं बदलत नाहीत. शिक्षण, आरोग्य आणि आहाराची जबाबदारी कुटुंबाची, आणि समितीनं दर महिन्याला पाहणी करायची. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. दत्तकाचा विचार केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं मूल घरात राहिल्यावर करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षं होती. पुण्या-मुंबईचे नातेवाईक मोठ्या मायेनं बाल संगोपन योजनेचे अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवतात. ती महाराष्ट्र शासनाची योजना. मध्य प्रदेशात तो अर्ज कुणी घेणार नाही.

आता वेळेचं गणित, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात शालेय सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि मे ते जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. मूल मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीला घरी आलं तर शाळेची घंटा नसलेले पाच-सहा आठवडे हाताशी मिळतात. त्यात झोप बसते, कागद जमतात, घराची सवय होते. हेच मूल नोव्हेंबर ते जानेवारीत आलं आणि त्याच आठवड्यात शाळाही बदलली, तर वर्ष गेलंच म्हणून समजा. पाचवी आणि आठवीत तर मुळीच नको. या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा राज्य शिक्षा केंद्र बोर्डाच्या धर्तीवर घेतं, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहतं. नववीत मध्य प्रदेश मंडळाकडे मुलाचं नामांकन, म्हणजे नावनोंदणी, होतं. तिथं लागलेलं नाव आणि जन्मतारीख पुढे दहावीच्या अंकसूचीपर्यंत (गुणपत्रिकेपर्यंत) चिकटते. सीबीएसईमध्ये दहावीला थेट प्रवेश हवा असेल तर कारण आणि मंडळाची परवानगी लागते, आणि ती गृहीत धरता येत नाही.

म्हणून हा विषय गृहभेटीच्या वेळीच काढायचा. सामाजिक कार्यकर्ती घर पाहायला येते, खोल्या, उत्पन्न, घरातली माणसं विचारते, तेव्हाच आपणही विचारायचं: मूल कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात, कोणत्या माध्यमात आहे, आणि परीक्षा कधी? आदेश निघाल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. सत्र संपेपर्यंत शाळा बदलू नये असं वाटत असेल तर समितीला एक साधा अर्ज द्यायचा. घर ते शाळा अंतर, जायचं वाहन, सोडणारं आणि आणणारं माणूस, सत्र संपण्याची तारीख. एवढ्या चार गोष्टी लिहिलेला अर्ज आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटला. भावनिक दोन पानं कुणी वाचत नाही. शाळा विजय नगरकडे आणि घर लोकमान्य नगरात, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. व्हॅनवाला भाडं सांगतो ते ऐकून घरचे नाराज होतात. तरी मार्चपर्यंत ते भाडं भरा असंच आम्ही सांगतो. नवी शाळा, नवं घर आणि नवी भाषा या तीन गोष्टी एकाच महिन्यात आलेलं मूल वर्गात नुसतं बसून राहतं.

हे आमचंच निरीक्षण आहे असं नाही. ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांनी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शासकीय देखरेखीतल्या मुलांच्या शिक्षणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत ज्यांची शाळा बदलली, ती मुलं न बदललेल्यांपेक्षा पाचहून अधिक श्रेणींनी मागे पडली होती. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो: दीर्घकाळ फॉस्टर घरात स्थिर राहिलेली मुलं, अडचणीच्या परिस्थितीत स्वतःच्याच घरी राहिलेल्या मुलांपेक्षा शाळेत बरी होती. नुकसान घर बदलल्यानं होतं त्याहून अधिक ते पुन्हा पुन्हा बदलल्यानं होतं.

कागदांकडे येऊ. शाळा बदलायचीच असेल तर टीसी, मागच्या वर्षाची अंकसूची, जन्माचा पुरावा, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक) आणि समितीचा आदेश एवढं लागतं. टीसी अडतो तो बहुधा शाळेच्या आळसानं, क्वचित थकलेल्या फीमुळे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे टीसीला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा पहिली ते आठवीचा प्रवेश अडवू शकत नाही, आणि कलम १४ प्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून तर कुठलीच शाळा नाही. ही दोन कलमं एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा. बाबूशी वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी पुढे सरकवणं सोपं जातं. मात्र याच कायद्यातला खासगी शाळांतला २५ टक्क्यांचा कोटा फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी आहे. सहावीतल्या मुलासाठी त्याच्या मागे लागून दिवस घालवू नका.

टीसी हातात आला म्हणजे काम झालं असं वाटतं आणि तिथंच खरी गडबड सुरू होते. यूडायस प्लस या शाळांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक विद्यार्थ्याला कायमचा पेन क्रमांक असतो. जुन्या शाळेनं मुलाचं नाव सोडून ते पोर्टलच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकलं, तरच नवी शाळा ते उचलू शकते. जुन्या शाळेनं टीसी दिला पण पोर्टलवर नाव तसंच ठेवलं, तर मूल नव्या वर्गात बसतं पण नोंदीत नसतं. पुस्तकांच्या मोजणीत नाव नाही, परीक्षेच्या यादीत नाव नाही, आणि हे कळतं ते थेट फेब्रुवारीत. म्हणून टीसी घेतानाच विचारायचं: ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं का, पेन क्रमांक किती? आणि आठवड्यानं नव्या शाळेत जाऊन खात्री करायची. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींचा देशभर चालणारा क्रमांक, यासाठी पालकाची संमती लागते. ती कोण देणार हे जिल्हा बाल संरक्षण एककाकडून लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

समग्र आयडीत दोन आकडे असतात: कुटुंबाचा आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी. काही हौशी पालक मुलाला आपल्याच कुटुंबाच्या समग्रमध्ये ‘पुत्र’ म्हणून चढवून मोकळे होतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. मूल मूळ घरी परतलं किंवा दुसरीकडे गेलं की शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सगळं अडकतं. आयडी असेल तर फक्त क्रमांक टिपून ठेवा. नसेल तर एककामार्फतच काढा. शाळेच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात मूळ वडिलांचं नाव, आणि ‘पालक/संरक्षक’ या रकान्यात आपलं. तसा रकाना नसेल तर वेगळ्या कागदावर. नावाच्या अक्षरांचीही एक खास मराठी अडचण आहे: ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदी शाळा ‘रि’ म्हणते. आधारवर इंग्रजीत एक, शाळेत दुसरं असं झालं की आयडी जुळत नाहीत आणि पैसे अडकतात. आधारवर असेल तेच स्पेलिंग शाळेत लावायचं, आपल्या कानाला कितीही खटकलं तरी.

आणि भाषा. यावर आम्ही थोडे जास्त बोलणार, कारण मराठी घरात हे दिसायला सगळ्यात वेळ लागतो.

आलेलं मूल बहुधा हिंदी माध्यमाचं, घरी माळवी किंवा निमाडी ऐकलेलं, कधी भिली. लिपी एकच, म्हणून आपल्याला वाटतं काही अडणार नाही. पण ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. शाळेत तो रोज दिसतो, शिक्षा विभाग, शिक्षा का अधिकार. आणि घरी आजी म्हणते, ‘अभ्यास नाही केलास तर शिक्षा होईल.’ मूल बिचारं गोंधळात. ‘चेष्टा’ म्हणजे त्याच्या लेखी प्रयत्न, आपल्या लेखी थट्टा. ‘खाली’ म्हणजे त्याला रिकामं, आपल्याला जमिनीच्या दिशेनं. ‘अभ्यास’ म्हणजे त्याच्या पुस्तकात धड्याखालचे प्रश्न. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतं, कारण धड्याखालचे तीन प्रश्न लिहून झालेले असतात. याला खोटं बोलणं समजून रागावलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

गणितात हे जास्त बोचतं. मूल ‘दो एकम दो, दो दूनी चार’ म्हणत पाढे शिकलेलं; आपण ‘बे एके बे’ लावून बसतो. पाढे पुन्हा मराठीत पाठ करून घेऊ नका. पाढा ज्या भाषेत पाठ झाला त्याच भाषेत आठवतो, बदलायला गेलात तर दोन्हीकडचा जातो. आपला हातचा म्हणजे त्याचा ‘हासिल’, आपला छेद म्हणजे त्याचा ‘हर’, अपूर्णांक म्हणजे ‘भिन्न’, दशांश म्हणजे ‘दशमलव’. घरात शिकवणारी मावशी किंवा काका यांनी आधी मुलाच्या पुस्तकातली शब्दांची यादी स्वतः पाठ करायची. वीस-पंचवीस शब्द आहेत, एका संध्याकाळचं काम. आकडेही त्याच्या पुस्तकातले, म्हणजे इंग्रजी वळणाचेच लिहायचे. मध्य प्रदेश मंडळात मराठी विषय घेता येतो म्हणून काही घरं लगेच तो घ्यायला लावतात. कृपा करून नको. मराठी त्याला घरात जेवताना येईल, प्रश्नपत्रिकेत नाही.

सगळ्यात मोठी चूक इंग्रजी माध्यमाची. घरची मुलं इंग्रजी शाळेत जातात, मग याला वेगळं वाढवतोय असं दिसू नये म्हणून यालाही तिथंच घालतात. भेदभाव टाळायचा म्हणून केलेली ही गोष्ट मुलाला वर्गात रोज अपमानित करते. बेरीज त्याला येत असते, पण ‘हाऊ मेनी आर लेफ्ट’ हे वाक्य वाचता येत नाही म्हणून ते गणितात नापास होतं. किमान एक पूर्ण सत्र माध्यम तेच ठेवा. इंग्रजी विषय म्हणून रोज अर्धा तास वेगळा घ्या. पाचवीच्या आत असेल तर पुढच्या एप्रिलमध्ये विचार करता येईल. आठवीनंतर माध्यम बदलण्याच्या आम्ही पूर्ण विरोधात आहोत.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मुलाची पातळी पाहायची, तीही खेळीमेळीनं. प्रथम या संस्थेच्या असर सर्वेक्षणात वापरतात ती चाचणी हिंदीतही आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंकओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. दहा-पंधरा मिनिटं लागतात. सहावीतलं मूल वजाबाकीपाशी अडलं तर धक्का घेऊ नका. संस्थेतून आलेल्या मुलांच्या वह्या फार सुंदर असतात, अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले. कारण गृहपाठ एकत्र बसून एकमेकांचं पाहून उतरवलेला असतो. वहीवरून पातळी ठरवू नका.

जिथं अडलं तिथून सुरुवात करायची, चालू धड्यापासून नाही. रोज २५ मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि रबरबँड घ्या, दहादहाचे गठ्ठे बांधा. ५२ मधून २७ काढताना गठ्ठा सोडावाच लागतो आणि हासिल डोळ्यांना दिसतो. मग वजाबाकी कागदावर, मग दहापर्यंतचे पाढे, मग भागाकार. नियमित केलं तर दोन ते तीन महिन्यांत सहावीच्या पुस्तकाला हात घालण्याइतपत येतं. भाषा यापेक्षा लवकर सावरते, सामाजिक विज्ञान आपोआप. गणिताला पायऱ्या असतात, मधली तुटली की वरचं सगळं हवेत. म्हणून ‘भंवरकुआंला (इंदूरचा कोचिंग क्लासचा भाग) चांगला क्लास लावू’ हा सल्ला पहिल्या वर्षी ऐकू नका. क्लासवाले चालू धड्यापासून सुरू करतात.

मतिमंद, अध्ययन अक्षमता असले शब्द पहिल्या सहा महिन्यांत उच्चारू नका, दुसऱ्यालाही उच्चारू देऊ नका. आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. लहानपणी वाहलेला कान, न दिसणारा फळा, कमी रक्त आणि जंत ही ‘लक्ष नसण्या’ची कारणं आम्हाला इतर कशाहून जास्त सापडली. हे सगळं निस्तरून, भाषा सावरून, सहा-आठ महिन्यांनी अडचण तशीच राहिली तर मात्र तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करा. मग उशीर करू नका.

शाळेत कुणाला काय सांगायचं? मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका, बस. वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. ‘मेरा परिवार’ निबंध, वंशवृक्षाचा तक्ता आणि लहानपणीचा फोटो आणायला सांगणारा उपक्रम असेल तेव्हा आधी कळवा. मुलाला विषय बदलून द्या किंवा ‘मी राहतो ते घर’ लिहू द्या. मूळ आई किंवा आजीची भेट झाली की पुढचे दोन-तीन दिवस मूल वर्गात नसल्यासारखं असेल, त्या दिवशी चाचणी वाईट गेली तर ती मोजू नका. आणि मुलाला सगळ्यांसमोर ‘हा अनाथाश्रमातला’ म्हणून उभं करून दप्तर वाटू नका. त्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर तर अजिबात नको. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला किशोर न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी घातली आहे.

दिवसांचा हिशेब एका कॅलेंडरवर ठेवा. कायद्यानं पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरते. समितीपुढे हजेरी, समुपदेशन, वैद्यकीय तपासणी, आधार दुरुस्ती असे महिन्याला दोनच दिवस गेले तरी दहा महिन्यांत वीस, म्हणजे सहावीच्या मुलाचा अकरावा हिस्सा. त्यात आजारपण वेगळं. समितीला आणि एककाला सुरुवातीलाच लेखी विनंती करा की तारीख शाळा सुटल्यावरची किंवा शनिवारची द्यावी. मागितली तर पुष्कळदा मिळते, न मागता मिळत नाही. दाखला काढायच्या कामाला मूल लागत नसेल तर नेऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही गुणपत्रिकेपेक्षा हे कॅलेंडर आधी पाहतो.

मुलाच्या वैयक्तिक देखभाल आराखड्यात शिक्षणाचा भाग असतो, पण तिथं बहुधा ‘नियमित विद्यालय भेजा जाए’ एवढंच लिहिलेलं सापडतं. इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा असतो आणि तो पाहायला स्थानिक प्रशासनात खास अधिकारी. आपल्याकडे तसं पद नाही, पण एक पान आपणच करून आराखड्याला जोडायला सांगता येतं: आजची वाचनाची पातळी, आजची गणिताची पातळी, तीन महिन्यांनी कुठे पोचायचं, घरी कोण शिकवणार, शाळेत कोणाशी बोलायचं. मासिक पाहणीच्या वेळी तेच पान समोर ठेवलं की ‘पढ़ाई कैसी चल रही है’ला ‘ठीक’ या उत्तरावर गाडी थांबत नाही.

मूल परत जाईल किंवा दुसऱ्या घरी जाईल, तो दिवस कधीही येऊ शकतो, म्हणून पिशवी पहिल्या दिवसापासून भरत राहायची. टीसीची प्रत, अंकसूच्या, पेन आणि समग्र क्रमांक, चष्म्याचा नंबर, कान तपासणीचा कागद, तीन-तीन महिन्यांच्या चाचण्या तारखेसह. चालू वह्या आणि पुस्तकं त्याच्याबरोबरच द्यायची, ‘शाळेची आहेत’ म्हणून ठेवून घ्यायची नाहीत. आणि गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर, पुढच्या घरातल्या माणसाला वाचता येईल अशा हिंदीत लिहून ठेवायचं की भाग (भागाकार) पाठ सात, प्रश्न चार तक हुआ है, पाढे आठपर्यंत पक्के आहेत, नऊचा अजून अडखळतो.